पावसाळ्यात किल्ली कोणाकडे?

आम्ही उपनगरांतल्या वस्त्यांमधून बायकांसाठी वाहन प्रशिक्षणाचे वर्ग चालवतो. काही जणी रिक्षा शिकतात, काही जणी चारचाकी. दरवर्षी एक गोष्ट न चुकता घडते. एप्रिल-मे महिन्यांत वर्ग भरलेला असतो आणि जूनची पहिली सर पडली की पट गळायला लागतो. कारणं विचारली तर घरात पाणी शिरतं, पोरं आजारी पडतात, नळाला गढूळ पाणी येतं, ही सगळी खरीच असतात. पण थोडं खोदून विचारलं की आणखी एक कारण वर येतं. "ताई, घरचे म्हणाले पावसात नको. पाऊस संपला की बघू." पाऊस संपतो तेव्हा नवरात्र आलेलं असतं, मग दिवाळी, मग मुलांच्या परीक्षा.

'घरचे' हा शब्द आपल्या भाषेत मोठा सोयीचा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं चार माणसांनी बसून विचार केला असेल. बहुतेक वेळा त्या शब्दात एकच माणूस असतो.

हे फक्त वस्तीतच आहे असं समजायचं कारण नाही. मुलुंड, बोरिवलीच्या सोसायट्यांमधल्या कितीतरी जणींकडे लायसन्स आहे. त्या नोकरी करतात, गाडीच्या कर्जाचा हप्ताही त्यांच्या पगारातून जातो. आठ महिने त्या गाडी चालवतात, निदान रविवारी मंडईपर्यंत तरी. जून ते सप्टेंबर मात्र किल्ली नवऱ्याच्या नाहीतर वीस वर्षांच्या मुलाच्या खिशात जाते. त्याबद्दल घरात भांडण होत नाही, चर्चाही होत नाही. वरच्या फडताळातून छत्र्या काढाव्यात इतक्या सहजपणे हा बदल होतो. आणि चार महिने न चालवल्यामुळे ऑक्टोबरात हात बुजलेला असतो, तो पुन्हा बसेपर्यंत मार्च उजाडतो. तिच्या वाट्याला कोरड्या रस्त्यावरचेही जेमतेम तीन महिने येतात. मग फोनवर बायकांच्या ड्रायव्हिंगचे विनोद फिरतात आणि ती स्वतःही हसते.

यामागे काळजी असते हे मी नाकारत नाही. पण ही काळजी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बघण्यासारखं आहे. गाडी चालवू नको म्हणून जिला सांगितलं जातं, तीच बाई भर पावसात घाटकोपर स्टेशनातून बाहेर पडून, एका हातात भाजी आणि दुसऱ्या हातात छत्री धरून, गुडघाभर पाण्यातून घरी येते. तेव्हा तिला कोणी अडवत नाही. वास्तविक पायी चालणं सुरक्षित आहे असं कोणी म्हणू शकत नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात परळ-एल्फिन्स्टन भागात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. सप्टेंबर 2024 मध्ये अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ एक बाई पावसातून चालत घरी निघाली होती, ती उघड्या नाल्यात पडून गेली. तिच्यासारख्या हजारो जणी त्या वाटेने रोज कामाला जातात. त्यांनी पावसात घराबाहेर पडू नये असं कुठल्याच घरचे म्हणत नाहीत, कारण पगार हवा असतो. म्हणजे भीती पाण्याची नाही, ती बाईच्या हातातल्या स्टिअरिंगची आहे. गाडी ठोकली तर खर्च किती, सोसायटीत बोलणी किती, हा हिशेब त्यात आहे.

आपल्या ओळखीतल्या कितीतरी मुली लग्न होऊन न्यू जर्सीला, टोरांटोला गेल्या. इथे ज्यांना पावसात गाडी मिळत नव्हती त्या तिथे बर्फात चालवतात, कारण मुलाला शाळेत सोडायला दुसरं कोणी नसतं आणि रिक्षाही नसते. त्या जन्मजात शूर होत्या असं नाही. गरज पडली आणि शिकवणारं कोणीतरी भेटलं, एवढंच. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांनी तर हे दैवावर सोडलेलं नाही. तिथे मुद्दाम निसरड्या केलेल्या पट्ट्यावर गाडी घसरवून दाखवतात, शिकणाऱ्याला स्वतः घसरू देतात, आणि ते शिकल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. गाडी घसरते तेव्हा पोटात कसा गोळा येतो हे प्रत्येकाने एकदा सुरक्षित जागी अनुभवलेलं असावं, असा त्यामागचा विचार आहे. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण वर्षातले चार महिने रस्ता ओला असतो. तरी आपलं शिक्षण कोरडं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हलक्या खाजगी वाहनासाठी किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगितले आहेत. 2021 मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी चार आठवड्यांत 29 तासांचा अभ्यासक्रम आला. पण आपल्या बायका जातात त्या कोपऱ्यावरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये. तिथे दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं, मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि क्लच, आणि निम्मा वेळ सिग्नलला उभं राहण्यात. जोराचा पाऊस आला की "आज राहू द्या मॅडम." मग अंधेरी, बोरिवली नाहीतर वडाळ्याच्या आरटीओत परीक्षा. (मुलुंड-घाटकोपरच्या बायकांना वडाळा गाठावं लागतं, म्हणजे रोजंदारीवाल्या बाईचा एक दिवस बुडाला.) ओल्या रस्त्यावर ही बाई गाडी कशी थांबवते, हे लायसन्स हातात पडेपर्यंत कोणी बघत नाही.

म्हणून आम्ही वर्ग जूनमध्ये बंद करायचं सोडून दिलं. उलट जून-जुलैत मुद्दाम चालवतो. रविवारी सकाळी लवकर अंधेरीच्या एमआयडीसीतले काही रस्ते रिकामे असतात. तिथे वीसच्या वेगाने, दुहेरी ब्रेकच्या गाडीत, शिकवणाऱ्या ताई शेजारी. काय शिकवतो ते थोडं सविस्तर लिहिते, कारण इतर संस्थांच्या मैत्रिणी विचारतात.

पहिला पाऊस सगळ्यात फसवा. महिनोन्‌महिने रस्त्यावर सांडलेलं तेल, धूळ आणि टायरचा घासलेला रबर यांचा पातळ थर त्या पाण्याने ओला होतो आणि साबणासारखा गुळगुळीत होतो. दोन-चार जोराच्या सरींनी तो धुऊन गेला की रस्ता त्यामानाने बरा. बायकांना ही गोष्ट सांगितली की त्यांना लगेच पटते, मोरी घासणारीला ती वेगळी समजवावी लागत नाही. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्यापेक्षा जवळपास दुप्पट अंतर लागतं, बर्फावर दहापट. त्यामुळे पुढच्या गाडीपासूनचं अंतरही दुप्पट. पण मुंबईत असं अंतर ठेवलं की त्यात मोटारसायकल घुसते आणि मागचा हॉर्न वाजवतो. हॉर्न ऐकून घ्यायला शिकणं हा आमच्या वर्गातला खरोखरीचा धडा आहे. लहानपणापासून लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून वागायला शिकलेल्या बाईला मागचा हॉर्न सहन करणं क्लचपेक्षा कठीण जातं.

वेग जास्त असला आणि रस्त्यावर पाण्याचा थर असला तर टायर रस्त्याला न टेकता पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, तीच खूण. तेव्हा ब्रेक जोरात मारायचा नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग झटक्याने फिरवायचं नाही, आणि गाडी पुन्हा पकड घेईपर्यंत ते जायच्या दिशेला धरून ठेवायचं. थांबायलाच हवं असेल आणि गाडीला एबीएस असेल तर ब्रेक दाबून धरायचा. पायाखाली थरथर झाली तरी सोडायचा नाही, ती थरथर म्हणजे यंत्र काम करतंय. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. कायद्याप्रमाणे चारचाकीला त्या किमान 1.6 मिलिमीटर आणि दुचाकी-तिचाकीला 0.8 मिलिमीटर खोल हव्यात. टायरचा गोटा झालेली गाडी शिफ्टवर घेऊ नका, असं आम्ही रिक्षावाल्या बायकांना सांगतो. पण सांगायला सोपं आहे. मालक म्हणतो, हीच आहे, घ्यायची तर घे. तिला रोजचं भाडं भरायचं असतं, ती घेते.

रिक्षाचं शास्त्र वेगळं आहे. पुढे एकच चाक, त्यामुळे वळणावर जोरात ब्रेक मारला की ती कलते. पाण्याखालचा खड्डा पुढच्या चाकाने पहिल्यांदा कळतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक लागत नाहीत, कारण ड्रममध्ये पाणी गेलेलं असतं. हळू चालवत दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून ते सुकवून घ्यावे लागतात. पाण्यात गाडी बंद पडली तर, रिक्षा असो की मोटार, पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर दुरुस्तीचा खर्च महिन्याची कमाई खातो. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा आणि आपले ते पेव्हर ब्लॉक, यांवर ना वळायचं, ना ब्रेक मारायचा. दुचाकीवाल्यांसाठी हे चौपट खरं.

सबवेबद्दल मात्र आम्ही एकच गोष्ट सांगतो, पाणी दिसलं की परत फिरा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही. त्या दिवशी बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. चौदा वर्षांनी, जुलै 2019 च्या सुरुवातीला, मालाडच्या सबवेत दोन पुरुष गाडीसकट अडकून गेले. बाहेरून पाण्याचा दाब असला की दरवाजा उघडत नाही आणि विजेवर चालणाऱ्या काचाही दगा देतात. म्हणून पाणी चढायला लागलं की सगळ्यात आधी पट्टा सोडायचा आणि काच खाली करायची, फोन नंतर. काच उघडलीच नाही तर सीटवरची उशी उपसून तिच्या लोखंडी दांड्याने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचं, समोरची काच अशी फुटत नाही. हे आम्ही वर्गात करून दाखवतो, म्हणजे उशी काढून दाखवतो. ज्यांच्या घरी दहा वर्षं गाडी आहे अशा बायकांनाही ती निघते हे माहीत नसतं.

आणि वादळ आलं तर आडोसा कुठे घ्यायचा, हाही प्रश्न आहे. 13 मे 2024 ला घाटकोपरच्या छेडा नगरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 जण दगावले. पेट्रोल पंपाच्या छताखाली थांबणं हे तोपर्यंत आपल्याला शहाणपणाचंच वाटत होतं.

इथे आमच्या चळवळीतल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणतात, हे सगळं बाईनेच का शिकायचं? खड्डे महानगरपालिकेने बुजवायचे, मॅनहोलला झाकण कंत्राटदाराने लावायचं, आणि आपण बाईला सांगायचं की तू काच फोडायला शीक? अत्याचार झाला की कराटे शिका म्हणतात तसंच हे झालं. दुसरा आक्षेप वर्गाचा आहे. गाडी किती जणींकडे? बेस्टच्या बसगाड्या कमी होत चालल्यात, त्यासाठी भांडायचं सोडून आपण स्टिअरिंग काय घेऊन बसलोय?

पहिल्या आक्षेपातलं निम्मं मला मान्य आहे. रस्त्याची जबाबदारी चालवणारीवर ढकलता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं, रस्ता ठरलेल्या निकषांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी वारसांना 6 लाख, आणि जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाईचा आदेश दिला. हे आपल्या हातातलं हत्यार आहे आणि आपल्या कायदा सल्ला केंद्रांनी ते अजून पुरेसं उचललेलं नाही. पण कराट्याची उपमा मला पटत नाही. गुंड हा माणूस आहे, तो बदलू शकतो, त्याला शिक्षा होऊ शकते. पाऊस पडणारच. रस्ते उद्या आरशासारखे झाले तरी ओला रस्ता निसरडाच राहील. ते ज्ञान पुरुषांना गल्लीत फुकट मिळतं. चौदा वर्षांच्या पोराला काका पावसात स्कूटर देतो, पोरगा पडतो, सगळे हसतात, तो उठतो. त्याच वयाची मुलगी पडली तर आधी चेहऱ्यावर खूण राहील का ते बघतात, आणि स्कूटर कायमची बंद होते. घसरून पडायची मुभा एकाला आहे आणि दुसरीला नाही, मग सावरणं कोणाला येणार?

वर्गाच्या आक्षेपाला उत्तर रिक्षावाल्या बायकाच देतात. 2016 मध्ये राज्य सरकारने रिक्षा परवान्यांत 5 टक्के वाटा बायकांसाठी ठेवला आणि अबोली रंगाच्या रिक्षा आल्या. 2019 मध्ये केंद्राने व्यावसायिक वाहनासाठीची आठवी पासची अट काढली, तो आपल्या बायकांच्या दृष्टीने मोठा निर्णय होता. 2022 मध्ये बेस्टच्या बसवर पहिली महिला चालक आली. 2024 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात गुलाबी ई-रिक्षा आली. रंग आपल्याला भरपूर मिळाले. पण जुलैत धंदा सगळ्यात चांगला असतो, गिऱ्हाईक हात करकरून थांबवतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत नवी शिकलेली बाई रिक्षा उभी ठेवते, कारण पावसात चालवायचं तिला कोणी शिकवलेलं नसतं. त्या चार महिन्यांचं भाडं आणि हप्ता तर चुकत नाही. त्या बाईसाठी हा चैनीचा विषय नाही.

सुरेखा यादव 1989 मध्ये मध्य रेल्वेत सहाय्यक चालक म्हणून लागल्या आणि 2025 मध्ये निवृत्त झाल्या. घाटातली इंजिनंही त्यांनी चालवली. रेल्वेच्या इंजिनाला वाळूची पेटी असते. रूळ ओले झाले, चाकं घसरायला लागली की चाकापुढे वाळू सोडतात. रेल्वेने बाईला पावसाळ्यात घरी बस म्हटलं नाही, तिच्या हाताशी वाळू दिली आणि ती कधी सोडायची ते शिकवलं. कामाच्या ठिकाणाकडून आपण मागतो ते याहून वेगळं नसतं.

मागे बसणाऱ्यांबद्दल थोडं. आजही दुचाकीवर सगळ्यात जास्त बायका दिसतात त्या मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल, पदर खोचलेला. खड्ड्यात चाक आपटलं की आधी त्या उडतात. जून 2022 पासून मुंबईत मागे बसणारीलाही हेल्मेटची सक्ती सुरू झाली, तेव्हा केस विस्कटण्यावर बरेच विनोद झाले. नियम 123 प्रमाणे मागच्या चाकावर कपडे अडकू नयेत म्हणून जाळी हवी, धरायला मूठ आणि पाय ठेवायला आधार हवा. कितीतरी मुलगे गाडी छान दिसावी म्हणून ती जाळी पहिल्या आठवड्यात काढून टाकतात. गाडी छान दिसते, आणि पावसात चिकटणारा ओला पदर चाकाच्या शेजारी लोंबत असतो. जाळी परत लावून घेणं हे अगदी लहान काम आहे. त्यासाठी मोर्चा लागत नाही, पण घरात सांगावं लागतं.

आता मागण्यांचं. आरटीओला द्यायच्या निवेदनात आम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, प्रशिक्षणाचे निदान दोन तास ओल्या पट्ट्यावर व्हावेत. टँकरने पाणी मारून हे कोणत्याही महिन्यात करता येतं, त्याला स्वीडनचं तंत्रज्ञान लागत नाही. दुसरी, महिलांच्या रिक्षा प्रशिक्षणासाठी सरकार जे पैसे देतं त्यात पावसाळ्यातले तास धरावेत. वर्ग मार्चमध्ये उरकून प्रमाणपत्रं वाटायची आणि अहवाल पाठवायचा, हे थांबावं. अनुदानाचं वर्ष मार्चला संपतं म्हणून बायकांचं शिक्षणही मार्चला संपवायचं, हा आपल्या संस्थांचाही हिशेब झाला आहे.

महानगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे एक वेगळी मागणी आहे. अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बंद होतो. नोव्हेंबर 2022 मध्ये गोखले पूल बंद झाला, त्याची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये उघडली, आणि मधल्या 2023 च्या पावसाळ्यात सबवेही पाण्याखाली गेला की अंधेरीत पूर्वेकडून पश्चिमेला जायचं कसं, हे कोणालाच कळत नव्हतं. आता पूल पूर्ण झाला आहे, तरी सबवे बंद झाल्याची खबर समाजमाध्यमांवरच मिळते. रिक्षा चालवणाऱ्या बाईने हँडल सोडून, पदराने फोन पुसून ती वाचायची का? अंधेरी, मालाड, दहिसर, प्रत्येक सबवेच्या अलीकडच्या चौकात, जिथून परत फिरता येतं अशा जागी, मोठा दिवा आणि आडवा दांडा हवा. सबवेच्या तोंडाशी उभा केलेला हवालदार शिट्टी वाजवतो तोपर्यंत मागे चाळीस गाड्या लागलेल्या असतात आणि पाणी चाकाला टेकलेलं असतं.